कॉलेज नक्की कोणत्या साली सुरू झालं? आमच्या विभागाच्या एनबीएची गोष्ट

२०२२चा जून. उन्हाळी परीक्षेचे पेपर तपासून नुकतीच मोकळी झाले होते, तोच एचओडी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर चहा आधीच आलेला. आमच्या विभागात सरांनी न मागता चहा दिला की समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार. "मॅडम, मेकॅनिकलचं एनबीए करायचं ठरलंय. को-ऑर्डिनेटर तुम्ही." एनबीए म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन, शाखेचा दर्जा तपासून तिला मान्यता देणारं मंडळ. मी विचारलं, "किती दिवसांचं काम आहे सर?" सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत होईल." त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या.

मी साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात चौदा वर्षं शिकवते. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काम सुरू केलं तेव्हा मला इंग्रजी नियमावल्या सापडल्या आणि कुणाकुणाच्या पीपीटी सापडल्या, पण 'माझ्या विभागात असं असं झालं' असं सांगणारं काही सापडलं नाही. कुणी नवा को-ऑर्डिनेटर रात्री अकराला एक्सेल उघडून बसला असेल, त्याच्यासाठी हे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती कळली नाही तर नुसते तक्ते भरत राहतो. नॅकचं मूल्यांकन अख्ख्या कॉलेजचं होतं, एनबीएचं एकेका शाखेचं. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, १९९४मध्ये हे एनबीए मंडळ काढलं आणि २०१०पासून ते स्वतंत्र झालं. १९८९मध्ये सहा देशांनी वॉशिंग्टन करार केला होता, एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या समकक्ष मानण्याचा. भारत त्यात २०१४च्या जूनमध्ये पूर्ण सदस्य झाला. म्हणून एनबीएचा सगळा भर 'तुम्ही काय शिकवलं' यापेक्षा 'मुलाला काय करता येतं' यावर असतो. गंमत अशी की या कराराचा लाभ टिअर-वनला, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या विभागांना. आमच्यासारखी संलग्न कॉलेजं टिअर-टूमध्ये. लाभ त्यांना, पण साचा तोच. हे मला चौथ्या महिन्यात कळलं आणि दोन दिवस चिडचिड झाली. मग तीही ओसरली.

अर्जाचा मुख्य ऐवज म्हणजे एसएआर, स्वयंमूल्यमापन अहवाल. आमच्या वेळच्या नमुन्यात दहा निकष आणि हजार गुण होते. सगळ्यात जड निकष शिक्षकांचा, २०० गुण. मग विद्यार्थ्यांची कामगिरी १५०. अभ्यासक्रम आणि अध्यापन, कोर्स आउटकम-प्रोग्राम आउटकम (एक विषय शिकून आणि अख्खी पदवी घेऊन मुलाला काय यावं ते) आणि संस्थेचा कारभार यांना प्रत्येकी १२०. ६००च्या वर गेलं तर तीन वर्षांची मान्यता, ७५०च्या वर गेलं तर सहा वर्षांची, अर्थात त्याला इतरही अटी जोडलेल्या. सरांनी पहिल्याच मीटिंगला फळ्यावर ७५० लिहून त्याभोवती गोल केला. तो गोल पुसायची कुणाची हिंमत झाली नाही, महिनाभर तसाच होता.

मला वाटलं होतं, सुरुवातीचा 'भाग अ' म्हणजे पाणी पिण्याइतका सोपा. संस्थेचं नाव, पत्ता, संलग्न विद्यापीठ, स्थापनेचं वर्ष. स्थापनेच्या वर्षापाशीच गाडी अडली. वेबसाइटवर १९८३. फाटकावरच्या पाटीवर १९८४. मुख्य इमारतीच्या कोनशिलेवर १९८६. प्राचार्यांच्या पीएला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, रौप्यमहोत्सव २००९ला केलाय, त्यावरून काढा." म्हणजे पुन्हा ८४.

अशा वेळी 'काहीतरी एक टाका हो' असं म्हणणारे सहकारी सगळीकडे असतात. मी टाकलं नाही, कारण पुढच्याच तक्त्यात प्रत्येक शाखेचं सुरू होण्याचं वर्ष, मंजूर प्रवेशक्षमता आणि ती कधी वाढली हे मान्यतापत्रांसकट द्यायचं होतं. पत्र आणि आकडा जुळले नाहीत, तर पहिल्याच पानावर विश्वास जातो.

ऑफिसात एआयसीटीईची पत्रं शोधायला लागलो. सगळ्यात जुनं १९९२चं. त्याआधीचं काहीच नाही. इथे आमचे तीन आठवडे फुकट गेले, कारण आम्ही जे कधी नव्हतंच ते शोधत होतो. एआयसीटीई १९४५पासून असली तरी तेव्हा ती सल्लागार मंडळ होती. तिला कायद्याचं बळ १९८७च्या कायद्याने मिळालं. महाराष्ट्रात वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांचा दरवाजा उघडला, तेव्हा आमच्यासारख्या कॉलेजांना परवानगी राज्य सरकारनेच दिली होती. त्याआधी अभियांत्रिकी म्हणजे पुण्याचं १८५४चं सरकारी कॉलेज, मुंबईचं १८८७चं व्हीजेटीआय, सांगलीचं १९४७चं वालचंद, १९६०ची कऱ्हाड आणि औरंगाबादची सरकारी कॉलेजं अशी बोटांवर मोजण्याइतकी नावं. १९८३नंतर मात्र ऊस पिकणाऱ्या तालुक्यात कारखाना, सूतगिरणी आणि मागोमाग इंजिनिअरिंग कॉलेज अशी रांगच लागली. आमचं त्याच रांगेतलं. ज्यांचं कॉलेज १९८८च्या आधीचं आहे, त्यांनी पहिलं मान्यतापत्र तंत्रशिक्षण संचालनालयाच्या किंवा मंत्रालयाच्या पत्रव्यवहारात शोधावं. आमचे तीन आठवडे तुमचे वाचतील.

पण ते पत्रही आमच्याकडे नव्हतं. २००५च्या महापुरात खालच्या मजल्यावरचं रेकॉर्ड भिजलं, असं सगळे सांगायचे. (आमच्याकडे जे जे सापडत नाही ते सगळं त्या पुरातच गेलेलं असतं.) शेवटी लॅब असिस्टंटने सुचवलं, आण्णांना विचारा. आण्णा म्हणजे आमचे पहिले स्टोअरकीपर, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गावातच राहतात. जुलैच्या एका रविवारी त्यांच्या घरी गेले. झोपाळ्यावर बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ते पत्र ऑफिसात कशाला मिळेल? पहिल्या लेथसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. बँकेने परवानगीची नक्कल मागितली होती. लेथच्या खरेदीच्या फायलीत बघा."

सोमवारी वर्कशॉपच्या लोखंडी कपाटातून डेड स्टॉक रजिस्टरचा, म्हणजे यंत्रं आणि टिकाऊ सामानाच्या नोंदवहीचा, पहिला खंड काढला. कापडी बांधणी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. पहिल्या पानावर आण्णांच्या वळणदार अक्षरात पहिली नोंद: 'लेथ मशीन, सहा फुटी, बटाला, नग १'. (बटाला म्हणजे पंजाबातलं गाव.) शेजारी तारीख, सप्टेंबर १९८४. बिलाच्या फायलीत तळाशी गंजलेल्या टाचणीला लागलेली परवानगीच्या पत्राची चक्रमुद्रित नक्कल निघाली. ती १९८३ची. त्याच फायलीत विद्यापीठाचं संलग्नीकरण १९८४-८५पासूनचं. म्हणजे संस्था १९८३ची, मेकॅनिकलचा पहिला वर्ग १९८४चा, आणि कोनशिला नुसती इमारतीची. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते. पहिल्या बॅचची वर्कशॉपची प्रात्यक्षिकं वर्षभर कारखान्याच्या दुरुस्ती विभागात झाली, हेही आण्णांनीच सांगितलं. तो लेथ आजही आमच्याकडे चालतो. त्याच्याकडे नंतर परत येते.

संलग्नतेचाही एक गुंता होता. आम्ही आधी एका विद्यापीठात होतो, पुढे लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेलो. त्यामुळे जुन्या आणि नव्या बॅचचे अभ्यासक्रम, गुणपद्धती, विषयांचे कोड सगळं वेगळं. तुमच्याकडे असं झालं असेल तर दोन्हींचा एक पानी तुलनातक्ता पहिल्याच महिन्यात करून ठेवा. तो मला अकरा वेळा तरी लागला.

ऑक्टोबरपासून खरं दळण सुरू झालं, सीओ-पीओचं, म्हणजे कोर्स आणि प्रोग्राम आउटकमचं. प्रत्येक विषयाचे पाच-सहा कोर्स आउटकम, त्यातला प्रत्येक बारा प्रोग्राम आउटकमशी १, २ किंवा ३ अशा जोराने जोडायचा. मग मुलांच्या गुणांवरून प्रत्येक आउटकम किती गाठला ते काढायचं. नियमावलीत उदाहरण दिलेलं असतं: ६० टक्के मुलांना विद्यापीठाच्या सरासरीपेक्षा जास्त गुण असतील तर पातळी १, ७० टक्क्यांना असतील तर २, ८० टक्क्यांना असतील तर ३. आमच्या पहिल्या खेपेत एका सरांनी सगळा तक्ताच ३-३-३ भरून पाठवला. इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा संबंध पर्यावरणाशी ३, आयुष्यभर शिकत राहण्याशी ३. विचारलं तर म्हणाले, "कमी दाखवून आपलंच नुकसान कशाला करायचं?"

इथे माझी आणि अर्ध्या विभागाची जुंपली. माझाच विषय, हीट ट्रान्सफर, २०२१-२२मध्ये पातळी १वर आला होता. एक ज्येष्ठ सर चांगल्या मनाने म्हणाले, "मर्यादा जरा खाली घे, आपोआप २ होईल." मोह झाला, खोटं कशाला सांगू? दोन रात्री ती एक्सेल उघडून बसले होते. मग प्रश्नपत्रिकेतल्या प्रश्नानुसार मुलांचे गुण सुटे केले. तेव्हा दिसलं, की मुलं वहनाची गणितं व्यवस्थित सोडवतात, पण उष्मा विनिमयक (गरम प्रवाहातली उष्णता थंड प्रवाहाला देणारं यंत्र) आला की पार आडवी होतात. एलएमटीडी, म्हणजे त्या दोन प्रवाहांतल्या तापमानफरकाची लॉगरिदमिक सरासरी, काढताना दोन्ही टोकांच्या तापमानांतला फरक घ्यायचा असतो. निम्म्या मुलांनी समांतर आणि विरुद्ध प्रवाहासाठी एकच जोडी घेतलेली. पाइपांची आकृतीच कुणी काढली नव्हती. सूत्र पाठ, प्रवाह कुठून कुठे जातो ते डोळ्यासमोर नाही. चौदा वर्षं शिकवून हे मला एका तक्त्याने सांगावं, याची लाज वाटली.

पातळी १ तशीच ठेवली. पुढच्या सत्रात दर शुक्रवारी शेवटचा तास फक्त उष्मा विनिमयकाचा घेतला. आधी आकृती, बाण काढायचे, मगच कॅल्क्युलेटर. एक दोनशे पानी वही केली, त्यात तारीख, सोडवलेलं गणित आणि मुलांच्या सह्या. २०२२-२३मध्ये पातळी २ आली. ३ नाही आली, आणि तेही तसंच लिहिलं.

मधल्या काळात एका कन्सल्टंटचा फोन आला होता. पूर्ण एसएआर तयार करून देतो, अडीच लाख. सरांनी नाही म्हटलं, आणि त्या दिवशी मला सर फार आवडले.

आता खर्चाचं, कारण कुणी सांगत नाही. एनबीएची फी संस्थेने हप्त्यांनी भरली, ती लाखांत जाते. ती शाखांच्या संख्येनुसार ठरते आणि बदलत असते, म्हणून पोर्टलवर ताजी बघूनच प्रस्ताव टाका. विभागाचा वरचा खर्च मी लिहून ठेवला होता. बॉक्स फायली १४०, नगास ९० रुपये, म्हणजे १२,६००. झेरॉक्स आणि प्रिंट ३८,००० च्या आसपास. प्रयोगशाळांचे फलक आणि सुरक्षा सूचना २२,०००. रंगकामाचं बिल वेगळं, ते बघायचं धाडस केलं नाही. माझा स्वतःचा खर्च म्हणजे एक हार्ड डिस्क आणि पाठीच्या दुखण्याचे दहा दिवस फिजिओथेरपी.

सगळ्यात जास्त ताप अकाउंट्सने दिला. आमच्या नमुन्यातल्या दहाव्या निकषात विभागवार तीन वर्षांचं अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च लागायचा. आमच्याकडे 'वर्कशॉप व प्रयोगशाळा' असं एकच शीर्ष, त्यात सिव्हिलचं सिमेंट आणि आमचं कटिंग ऑइल एकत्र. व्हाउचर काढून काढून वेगळं करायला दीड महिना लागला. हे काम पहिल्या महिन्यात सुरू करा. पहिल्या महिन्यात अकाउंटंट गोड बोलतो.

शिक्षकांची कागदपत्रंही तशीच. नेमणुकीचं पत्र, रुजू अहवाल, विद्यापीठाची मान्यता, फॉर्म १६, पदव्या. सोडून गेलेल्यांचीही लागतात, आणि सोडून गेलेला माणूस फोन उचलत नाही. विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर पंचविसाच्या वर गेलं की त्या रकान्यात शून्य, हे कळल्यावर व्यवस्थापनाने दोन जागा भरल्या. माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेतला हा सगळ्यात मोठा फायदा. आम्ही त्या दोन जागा सहा वर्षं मागत होतो.

२०२३च्या फेब्रुवारीत प्री-क्वालिफायर भरला. प्रवेश किती, पीएचडी किती, निकाल कसा, अशी ती चाळणी. त्यात माझी एक मोठी चूक झाली. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं मी पहिल्या वर्षाच्या आकड्यातच मिसळली. नमुन्यात त्यांचा रकाना वेगळा असतो. यशाचा दर थेट चुकला, आणि चुकला तोही आमच्या फायद्याच्या बाजूने, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला मुद्दाम केल्यासारखंच वाटणार. सबमिटच्या आदल्या रात्री साडेबाराला लक्षात आलं. सरांना फोन केला. त्यांनी झोपेतच विचारलं, "बदलता येतंय ना? मग बदला आणि झोपा." थेट दुसऱ्या वर्षाचा आकडा कधीही तोंडी घेऊ नका. प्रवेश नियामक प्राधिकरणाने मान्य केलेल्या यादीवरूनच घ्या.

एप्रिलमध्ये होकार आला, ऑगस्टमध्ये एसएआर भरला, आणि मग शांतता. भेटीच्या तारखा यायला डिसेंबर उजाडला. ही शांतता फसवी असते. मुलं पुढच्या वर्षात जातात, फायली इकडच्या तिकडे होतात, आणि आपण काय लिहिलं होतं तेच विसरतो. दर पंधरा दिवसांनी एक निकष सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, असा नियम मी केला. पहिल्याच वाचनात कळलं, की आमच्याकडे नसलेल्या एका सॉफ्टवेअरचं नाव आम्ही लिहिलंय. लायसन्स २०२१मध्येच संपलेलं. ते नूतनीकरण करून घेतलं.

एक गोष्ट मी अडवली, तिचं समाधान आहे. मुलांकडून व्हिजन-मिशन पाठ करून घ्यायचं चाललं होतं, अगदी प्रार्थनेसारखं सकाळी रांगेत उभं करून. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी एका पोराने 'ग्लोबली कॉम्पिटंट'च्या जागी 'ग्लोबली कॉम्प्लिकेटेड' म्हटलं आणि सगळा वर्ग फुटला. त्यानंतर ते आपोआपच बंद पडलं.

भेट ९ ते ११ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार ते रविवार. एक अध्यक्ष आणि आमच्या शाखेसाठी दोन तज्ज्ञ. आदल्या रात्री विभागात बारा-तेरा जण होतो. कुणाची तरी बायको पोळी-भाजीचा डबा देऊन गेली. माझ्या सासूबाईंचा रात्री दहाला फोन, "लेक झोपत नाहीये, तुझा आवाज ऐकायचाय म्हणते." प्रिंटरचा टोनरही त्याच वेळी संपला.

शुक्रवारी सकाळी प्राचार्यांचं आणि सरांचं सादरीकरण झालं आणि तज्ज्ञ थेट फायलींवर बसले. त्यांना १४० बॉक्स फायली बघायच्याच नव्हत्या. त्यांनी सहा विषय निवडले आणि त्या सहांत खोल गेले. ३-३-३वाल्या सरांचा विषय त्यात होताच. तज्ज्ञांनी कोर्स आउटकम वाचला, 'विद्यार्थी विश्लेषण करेल'. मग चाचणीची प्रश्नपत्रिका मागितली. तिच्यात चारही प्रश्न 'व्याख्या द्या' आणि 'प्रकार सांगा'. त्यांनी शांतपणे विचारलं, "यात विश्लेषण कुठे होतं?" सर गप्प. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण सरांच्या कपाळावरचा घाम बघून पोटात कालवलं. मोठमोठे शब्द आम्ही सगळ्यांनीच वापरले होते, पकडले ते गेले. तुम्ही काहीही करा, पण प्रश्नपत्रिका आणि आउटकम यांची क्रियापदं एकदा शेजारी ठेवून जुळवा. बाकी सगळं त्यानंतर.

माझा हीट ट्रान्सफर निघाला तेव्हा त्यांनी पातळी १ बघून भुवया उंचावल्या. पुढच्या वर्षाची कृती वाचली आणि पुरावा मागितला. मी ती दोनशे पानी वही दिली. त्यांनी मधूनच एक पान उघडलं, सह्यांवरून एक नाव निवडलं आणि त्या मुलाला बोलवायला सांगितलं. मुलगा आला, त्याने आकृती काढली, बाण काढले, एका टोकाला अडखळला, खोडलं आणि बरोबर केलं. तज्ज्ञ 'हं' म्हणाले आणि पुढच्या फायलीकडे वळले. त्या 'हं'साठी वीस महिने.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप. नवीन सीएनसीसमोर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रासमोर, आम्ही दोन चुणचुणीत मुलं उभी केली होती. तज्ज्ञ ती ओलांडून कोपऱ्यातल्या बटाल्याच्या लेथपाशी थांबले. तिथे दुसऱ्या वर्षातली एक मुलगी जॉब लावत होती, तिला कुणी काही पढवलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "बॅकलॅश म्हणजे काय?" तिने इंग्रजीत सुरुवात केली आणि दोन शब्दांत थांबली. ते म्हणाले, "दाखव." तिने क्रॉस स्लाइडची मूठ उलटी फिरवली. मूठ फिरली, टूल जागचं हललं नाही. आणखी थोडी फिरवली, तेव्हा टूल सरकलं. "एवढं रिकामं फिरतं. म्हणून आम्ही आधी मागे घेतो आणि नेहमी एकाच बाजूने येतो," ती मराठीत म्हणाली. मी हिंदीत सांगू लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं, समजलं होतं. मग लेथवरची पट्टी बघून म्हणाले, "ये कबका है?" मी डेड स्टॉक रजिस्टरचा पहिला खंड काढून दिला. आण्णांच्या अक्षरातली ती ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली, आणि खालच्या नोंदींमधून दुरुस्त्यांच्या तारखा बघत बराच वेळ उभे राहिले.

माजी विद्यार्थी, पालक आणि कंपन्यांच्या लोकांशी त्यांनी आम्हाला बाहेर ठेवून बोलणं केलं. आम्ही सतरा पालक बोलावले होते, नऊ आले. फेब्रुवारीत ऊसतोड चालू असते, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. रविवारी दुपारी एक्झिट मीटिंगमध्ये जमेच्या आणि उणिवेच्या बाजू वाचून दाखवल्या. वर्कशॉपचा वापर आणि देखभाल जमेत. संशोधन, सल्लासेवा आणि चाचण्यांचा दर्जा उणिवेत. वाद घालण्यासारखं त्यात एकही वाक्य नव्हतं. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर सर पायरीवरच बसले आणि म्हणाले, "मॅडम, चहा मागवा." मी दचकलेच.

मेच्या शेवटी मेल आला: तीन वर्षं. फळ्यावरचा ७५०चा गोल काही गाठता आला नाही. दोन दिवस विभागात सुतकी शांतता होती. मग निकाल निकषवार नीट वाचला, तर शिक्षकांच्या आणि संशोधनाच्या रकान्यांत जिथे कमी पडलो होतो, तिथेच पडलो होतो. ३-३-३वाल्या सरांनी त्यानंतरच्या सत्रात प्रश्नपत्रिका मला आधी दाखवायला आणली. दोघांनी बसून दोन प्रश्न बदलले.

आता नमुना बदललाय. २०२५पासून प्रोग्राम आउटकम बाराचे अकरा झालेत आणि निकषांची मांडणीही वेगळी आहे. त्यामुळे माझे गुणांचे आकडे जसेच्या तसे वापरू नका, पोर्टलवरचा ताजा नमुनाच उतरवून घ्या. विद्यार्थ्यांचे आकडे, फॉर्म १६, व्हाउचर आणि मान्यतापत्रं मात्र कुठल्याही नमुन्यात लागणारच. तीन वर्षं म्हणजे प्रत्यक्षात दोनच, कारण पुढचा अर्ज मुदत संपण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. माझ्या कपाटात नव्या बॉक्स फायली येऊन पडल्यात. यंदा नगास १०५.

निकाल कळल्यावर आण्णांकडे पेढे घेऊन गेले होते. त्यांनी एक पेढा खाल्ला, अर्धा झोपाळ्याखालच्या मांजरीला दिला आणि विचारलं, "मग वर्ष कोणतं लिहिलंत शेवटी?" म्हटलं, त्र्याऐंशी. म्हणाले, "बरोबर. आता फाटकावरचं बदला." पेंटरला दोनदा फोन केलाय. तो म्हणतो, पावसाळा संपू द्या.